आपला अंगठा हाच आपला पिन

मैत्रिणींनो, एटीएमचा पिन सांगायचा नाही, ओटीपी द्यायचा नाही, हे आता गटातल्या सगळ्याजणींना पाठ आहे. पण गावातल्या बीसी केंद्रावर आधारने पैसे काढताना ना पिन लागतो ना ओटीपी. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात.

बैठकांमध्ये ऐकू येणाऱ्या तक्रारी बहुतेक एकसारख्याच असतात. "सर्व्हर डाऊन आहे, परत लावा," असं म्हणत दोन-तीनदा अंगठा घेतात. पैसे हातात एकदाच पडतात, खात्यातून मात्र दोनदा गेलेले असतात. नाहीतर नुसती शिल्लक बघायला गेलेल्या बाईच्या खात्यातून रक्कम निघते. शिल्लक बघायला आणि पैसे काढायला अंगठा एकच. म्हणून आधी स्क्रीनवर काय निवडलंय, किती रक्कम टाकलीय ते बघा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोरीला सोबत न्या. व्यवहार फेल झाला तरी पावती मागा, त्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा नाही. आपल्याच गटातली बीसी सखी असली तरी मागायची. त्यात तिला राग यायचं कारण नाही, उलट तिचंही नाव राखलं जातं. फेल व्यवहारात कापलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

साडीवाटप, सर्वेक्षण असं सांगून कुणी दारात मशीन घेऊन आलं, तर अंगठा लावू नका.

एम-आधार अ‍ॅपमध्ये अंगठ्याला कुलूप लावता येतं, म्हणजे बायोमेट्रिक लॉक. मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. एक अडचण आहे: लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, जाण्याआधी तो उघडावा लागतो. मला विचाराल तर एवढा त्रास परवडतो.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चूक ना आपली ना बँकेची, अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. पण घरचे ओरडतील म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात आणि हे तीन दिवस तिथेच निघून जातात. घरी नंतर सांगा हवं तर, बँकेत आधी जा. अर्ज लिहायला अडलं तर पासबुक आणि पावती घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीत या, तिथेच बसून लिहू.