विष एक, शरीरें भिन्न

आमच्या वऱ्हाडास कापसाची ओळख काय करून द्यावी? अमरावती-अकोल्याच्या जिनांत सरकी निराळी होऊन रुईच्या गांठी बांधल्या जातात, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु त्या रुईचें सूत पुढें रंगतें कसें, आणि रंग करणाऱ्याच्या शरीराचें काय होतें, याचा विचार आपण क्वचितच करतों.

१८८४ सालीं जर्मनींत 'काँगो रेड' हा तांबडा रंग निघाला. सूत आधीं तुरटीसारख्या द्रव्यांत न भिजवितां तो थेट कापसावर चढे. त्याच्या मुळाशीं बेंझिडीन नांवाचें रसायन असतें. पुढें १८९५ सालीं फ्रांकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनीं फुक्सिन हा दुसरा रंग करणाऱ्या कामगारांस मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचें मांडलें. बेंझिडीन त्याच कुळांतलें.

मग एकाच हौदाशीं खपणाऱ्या दोघांपैकीं एकासच रोग कां व्हावा? सगळें दैवावर सोडणें आम्हांस पटत नाहीं. यकृतांत 'नॅट-२' नांवाचें विकर असतें. तें परक्या रसायनास ॲसिटिल नांवाचा अणुसमूह जोडतें. कोणाचें तें चपळ, कोणाचें मंद, हें आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतें. क्षयावरील आयसोनियाझिड ज्यांच्या घरीं आलें असेल, त्यांनीं याचा परिणाम पाहिलाही असेल. मंद प्रकृतीच्या रोग्याच्या अंगांत तें औषध अधिक वेळ राहतें व हातापायांस मुंग्या येण्याचें भय वाढतें. म्हणून डॉक्टर पुष्कळदां जोडीस ब-६ जीवनसत्त्व देतात.

रंगाच्या कारखान्यांतील बीटा-नॅफ्थिलअमाइनसारख्या रसायनांपुढें मंद प्रकृतीच्या कामगारांस मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. इतकें ऐकून एखादा मालक म्हणेल, 'रक्त तपासा, चपळ तेवढे ठेवा.' येथेंच फसगत आहे! अहमदाबादच्या बेंझिडीन कामगारांचा अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत मंद प्रकृतीच्या लोकांच्या मूत्राशयाच्या पेशींस अधिक इजा दिसली नाहीं. उलट, जनुकद्रव्यास चिकटलेला मुख्य अंश ॲसिटिल जोडलेलाच होता. एका विषापुढची ढाल दुसऱ्यापुढें उपयोगी पडत नाहीं, आणि कारखान्यांत एकच रसायन कोठें असतें? बेंझिडीनच्या रंगांवर भारतांत १९९३ पासून बंदी आहे, ती सर्व प्रकृतींच्या लोकांकरितां.

ज्या घरांतील कोणी अशा कामावर होतें, त्यांस एक सांगावेंसें वाटतें. हा रोग काम सोडल्यावर वीस-वीस वर्षांनींही उद्भवतो. लघवींतून रक्त गेलें, मग वेदना नसल्या तरी, डॉक्टरांकडे जावें आणि जुनें काम कोणतें होतें तें न विचारतांही सांगावें.