मागच्याचे बिल पुढच्याच्या माथी

एका शिंप्याची गोष्ट घ्या. गावात शिवणकाम पुरेना, म्हणून त्याने तालुक्याच्या गावी एक गाळा भाड्याने घेतला. भाडे महिना 3,000 रुपये. विजेवर चालणारी दोन मशिने आणली. मालक म्हणाले, "लाइट आहे, मीटर आहे. काही काळजी नको, मास्तर."

महिन्याने बिल आले. चालू महिन्याचे पैसे थोडे. पण खाली 'थकबाकी' या शब्दापुढे 6,000 रुपये लिहिले होते! आधी तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. तो भाडेकरू बिल न भरताच निघून गेला होता. आता भरायचे कोणी? न भरावे तर वीज तुटणार. मशिने थांबणार. लग्नसराईचे कपडे तसेच पडणार.

आपण म्हणू, "जी वीज मी जाळली नाही, तिचे पैसे मी का द्यावे?" बोलणे रास्त आहे. पण कायदा काय म्हणतो, तेही समजून घ्या.

जमिनीच्या सातबारावर बोजा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जमीन विकली तरी बोजा जमिनीबरोबर जातो. विजेच्या थकबाकीचे तसेच आहे. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे 2021 चे नियम आहेत. त्यांप्रमाणे आधीच्या मालकाची किंवा वापरणाऱ्याची थकबाकी त्या जागेवर बोजा ठरते. वीज कंपनी ती नव्या माणसाकडे मागू शकते. असा नियम करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2023 साली मान्य केले. नियमाला कारण आहे. नाहीतर लोक थकबाकी ठेवतील आणि भावाच्या नावाने नवे मीटर घेतील.

म्हणून शहाणपण आधी दाखवावे, नंतर नव्हे. डिपॉझिट देण्यापूर्वी पुढील गोष्टी करा.

1. मालकाकडून शेवटचे वीजबिल मागून घ्या. नाव, ग्राहक क्रमांक आणि तारीख वाचा. थकबाकीचा रकाना नीट पाहा.

2. थकबाकी असेल तर ती मालकाने आधी भरावी. पावती डोळ्यांनी पाहा. "भरतो, भरतो" या शब्दावर किल्ली घेऊ नका.

3. किल्ली घ्याल त्या दिवशी मीटरचा आकडा वाचा. तो भाडेकरारात तारखेसह लिहा. खाली दोघांनी सही करावी. 'या दिवसाआधीचे वीजबिल मालकाकडे', हे वाक्यही करारात घाला. असे लिहिले म्हणजे कंपनीचे मागणे थांबत नाही. पण मालकाकडून पैसे परत घेण्यास आधार मिळतो.

आपल्या शिंप्याने आकडा लिहून ठेवला होता : 4312. बिलावर चालू रीडिंग होते 4390. वजाबाकी केली. 78 युनिटे त्याची. बाकी सारे आधीचे. कागद घेऊन तो मालकाकडे गेला.

मालक म्हणाले, "ते आधीच्या भाडेकरूचं. त्यालाच विचारा."

शिंपी म्हणाला, "मालक, त्याला मी कुठं शोधू? गाळा तुमचा, मीटर तुमच्या नावावर. आकडा आपण दोघांनी लिहिलाय. ही बघा तुमची सही."

मालक गप्प झाले. मग तोड निघाली. शिंप्याने 6,000 रुपये कार्यालयात भरून पावती घ्यावी आणि 6 महिने भाड्यातून 1,000 रुपये कापावे. हेही त्यांनी कागदावर लिहिले.

मालक ऐकेनात तर? तरी घाबरू नका. 2003 च्या वीज कायद्याचे 56 वे कलम ध्यानात ठेवा. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पुरते 15 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असेल तर 'हरकत राखून' पैसे भरता येतात. मागितलेली रक्कम, किंवा मागील 6 महिन्यांच्या सरासरीने होणारे बिल, यांतील जी कमी ती भरावी. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या व पोच घ्या. तेथे दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्याच्या वर विद्युत लोकपाल आहेत. वायरमनच्या हाती पावतीविना पैसा देऊ नका.

आणखी एक गोष्ट. मालक संमती देत नाही, एवढ्याच कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले आहे.

आणि आपण जागा सोडू तेव्हा? शेवटचे बिल भरूनच निघावे. आपल्यामागून येणाराही कोणी पोटासाठीच येतो.

शब्दांचे अर्थ
थकबाकी – भरायची राहिलेली रक्कम
बोजा – मालमत्तेवरचे देणे
पोच – अर्ज मिळाल्याची सही

अभ्यास
1. शिंप्याने मीटरचा आकडा लिहिला नसता तर काय झाले असते?
2. मागील रीडिंग 2150 व चालू रीडिंग 2215. किती युनिटे झाली?
3. घरचे वीजबिल आणा. त्यातील ग्राहक क्रमांक व थकबाकी वाचून दाखवा.