हरळीवरचा खेळ

मी बेडसे गावचा. लेणी बघायला आलेले लोक जिथे गाडी लावतात आणि पायऱ्या चढताना ज्यांना पाण्याची बाटली गाडीतच राहिल्याचं आठवतं, ते आमचं गाव. घरची शेती भाताची. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली, कारखान्याने थायलंडला चोनबुरी प्रांतात धाडलं, आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला मी बरीच वर्षं तिथेच रमलो. आमचे जपानी साहेब रविवारी गोल्फ खेळत. नोकरीच्या पत्रात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जो रविवारी जायचा नाही त्याला सोमवारच्या निम्म्या गोष्टी कळायच्या नाहीत. म्हणून गेलो, मग लळा लागला. हातात कधी फारसं कसब आलं नाही. डोक्यात जे आलं ते पुढे मांडतो. क्रम काही विशेष नाही.

१. मावळातल्या माणसाने उन्हाचा माज करू नये. मला वाटायचं, राब भाजताना धग सोसलेला मी, मला कसलं ऊन लागतंय? आणि चोनबुरीचा पारा काही कामशेतच्या पाऱ्याच्या फार वर जात नाही. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम येतो तसा वाळतोही. झाडाखाली टेकलं की जीव थाऱ्यावर येतो. तिथे समुद्राकाठची हवाच इतकी दमट की घाम अंगावर नुसता बसून राहतो. घाम उडाला नाही तर शरीर निवत नाही, हे आठवीच्या पुस्तकात वाचलेलं तिथे अंगाला समजलं. नवव्या होलच्या आसपास डोकं हलकं व्हायचं, आणि या होलला आपण पाच मारले की सहा, ते आठवेनासं व्हायचं. सोबतच्यांच्या लक्षात आलं होतं की मला नेहमी पाचच आठवतात. तहान लागायची वाट बघू नये, आणि नुसत्या पाण्यावर भागवू नये, कारण घामातून मीठही जातं. मी बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवू लागलो. आजी शेतावर मीठ घातलेलं ताक धाडायची तेच हे, फक्त संत्र्याच्या चवीचं आणि तिच्या हिशेबाने फार महाग.

२. ज्या गवताला आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या, त्याच्यावर गोल्फमध्ये बूट घासूनसुद्धा चालायचं नसतं. सगळे कौतुकाने बर्म्युडा ग्रास, बर्म्युडा ग्रास म्हणत. एकदा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, उकिडवा बसून जवळून पाहिलं. पेरं पाहिलं, पसरलेलं कांडं पाहिलं. हरळी! सायनोडॉन डॅक्टिलॉन, गणपतीला आपण वाहतो ती दूर्वाच. ग्रीनवरच्या जाती म्हणजे हिचा आफ्रिकेतल्या एका चुलत बहिणीशी केलेला संकर, पान केसासारखं बारीक. टिफड्वार्फ, टिफईगल अशी त्यांची नावं. उंची तीन-साडेतीन मिलिमीटर राखायची, त्यासाठी पहाटे दव असतानाच यंत्र फिरतं. हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या गार किनाऱ्यावर. तिथलं फेस्क्यू आणि बेंट गवत या उन्हात तग धरत नाही. हरळीला मात्र ऊनच लागतं, सावलीत ती रुसते. जिथे हरळीलाही पाणी पुरवता येत नाही तिथे वाळूत तेल मिसळून ग्रीनऐवजी 'ब्राउन' करतात. आपल्याकडच्या लष्करी कोर्सवरही ते पाहायला मिळत.

गंमत पुढेच आहे. या संकरित हरळीला बी धरत नाही. कांडी आणून लावावी लागतात. आमचे वडील कुदळीने हरळी खणून तिची मुळं बांधावर वाळत टाकायचे, आणि मातीत एक पेर राहिलं तरी मिरगानंतर ती जागेवर हजर. तिथे हीच कांडी विकत आणून लावणारे लोक आहेत, असं मी फोनवर सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग इथनं भरून ने की. ट्रक मी बघतो."

३. कोर्सवर आपल्याला सर्वांत जवळचं माणूस कोण वाटेल, ते आधी सांगता येत नाही. थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी बॅग सांभाळायला कॅडी घ्यावीच लागते, आणि कॅडी बहुतकरून बायका. मोठी टोपी, टोपीखाली मानेपर्यंत गुंडाळलेलं कापड, लांब बाह्या, हातमोजे. डोळे तेवढे उघडे. आमच्याकडे भातकापणीला डोक्याला टॉवेल आणि लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून बायका उतरतात, तोच थाट. माझी नेहमीची कॅडी ईशान्येकडची, इसान भागातली. तिच्याही घरी भाताची खाचरं. लावणीच्या दिवसांत ती रजा टाकून गावी जायची, आणि पावसाने ओढ दिली की तिचा चेहरा उतरायचा. साहेबांना तो चेहरा कळायचा नाही, मला कळायचा. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला त्यांच्या रीतीने 'पी' म्हणायचो. ती मला सर म्हणायची, ते काही मी बदलू शकलो नाही.

आमच्या इंद्रायणी तांदळाची मी तिच्यापुढे भरपूर फुशारकी मारली होती. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून निघालेला, १९८७ सालचा, वास कसा, भात कसा मऊ आणि चिकट. सुट्टीहून परतताना दोन किलो घेऊन गेलो. पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणाली, छान आहे, पण फारच सुटा आहे. तिचा रोजचा भात हाताने गोळा करून खायचा असतो.

ग्रीनवर तिचं बोट म्हणजे पंचांग. हरळीचं पान एका अंगाला कललेलं असतं. गवत चकाकताना दिसलं तर पान आपल्यापासून पलीकडे झुकलेलं, चेंडू पळणार. गडद दिसलं तर आपल्याकडे तोंड करून उभं, चेंडू अडखळणार. ती जागा दाखवायची, मी इंजिनिअर असल्याने उताराचा हिशेब मांडायचो, आणि चेंडू तिने दाखवलेल्या वाटेने निघून जायचा. हे फक्त माझ्याबाबतीतलं नाही म्हणा. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथे ग्रीनची निगा राखणाऱ्या एका माणसाच्या मुलाने, एस. एस. पी. चौरसियाने, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ इंडियन ओपन जिंकली. खेळाची सुरुवात त्याने कॅडी म्हणूनच केली होती. गवताजवळ वाढलेल्याला गवत दिसतं.

४. एका फेरीला एक हातमोजा पुरत नाही. तीन लागतात. दोन बॅगेला वाळत घालायचे, एक घालायचा. यावर याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, पण हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

५. उष्ण हवेत चेंडू लांब जातो, आणि ही माहिती माणसाला जितकी उशिरा मिळेल तितकं सुख. तापलेली हवा विरळ असते, चेंडूही तापून जास्त उसळतो. मला ती सगळी माझ्या मनगटाची करामत वाटत होती. मग एका डिसेंबरात कामासाठी जपानला गेलो. साहेबांनी आग्रहाने तिकडच्या कोर्सवर नेलं. हातात तोच क्लब, तोच मी, आणि चेंडू चांगला वीसेक पावलं अलीकडे. साहेब सौजन्याने म्हणाले, थंडी आहे. चोनबुरीत एवढी वर्षं त्यांनी एकदाही 'ऊन आहे' म्हटलं नव्हतं, हे मला परतीच्या विमानात सुचलं.

६. विजेपुढे हुद्दा चालत नाही. तिथे पावसाळ्यात दुपारी ढग बघता बघता उभे राहतात. भोंगा वाजला की क्लब खाली ठेवून छपराखाली जायचं, असा नियमच आहे. आम्ही वळवाच्या पावसात एकट्या झाडाखाली थांबू नये हे ऐकतच मोठे झालो. मोकळ्या माळावर लोखंडी दांडा उंच धरून उभं राहण्याला पैसे पडतात, हे घरी सांगण्यासारखं नव्हतं. एकदा भोंगा वाजल्यावर आमचे बडे साहेब म्हणाले, ग्रीनवरचा एवढा एक पट मारून घेऊ. चारही कॅडी काही न बोलता बॅगा घेऊन चालू लागल्या. कारखान्यात त्यांचा शब्द खाली पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तेही आले मागोमाग, टोपी हातात धरून.

७. हिरव्यागार फेअरवेकडे बघून मला निखळ आनंद होत नाही, कारण मी पवन मावळातला आहे. अठरा होलच्या कोर्सला सव्वाशे-दीडशे एकर जमीन सहज लागते आणि उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी. १९९० च्या दशकात थायलंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा शेताला पाणी नाही आणि गोल्फला आहे, यावरून लोक चिडले होते. आशियातल्या कार्यकर्त्यांनी २९ एप्रिल १९९३ रोजी गोल्फविरोधी जागतिक चळवळच उभी केली. आमच्याकडे तर पाणी म्हटलं की ९ ऑगस्ट २०११ ची तारीख निघते. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध म्हणून लोक बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाण्याचं नाव काढलं की आमच्या ओट्यावर आजही बोलणं तिथेच जातं. अशा ओट्यावरून उठून आलेल्या माणसाला तुषार सिंचनाचे फवारे नुसते सुंदर कसे दिसतील?

कॅडीने एकदा समजावलं की वाटेत चेंडू गिळणारी तळी ही मुळात पावसाचं पाणी साठवायला खणलेली असतात. त्यांतूनच गवताला देतात. ते पटलं. थोडं बरंही वाटलं. त्या तळ्यांत आपल्या घोरपडीच्या दुप्पट मोठ्या पाणघोरपडी निवांत पोहतात, तेही आवडलं. पण पाऊस कमी झाला की आधी कोणाचा नळ बंद होतो, हा प्रश्न तळं दाखवून मिटत नाही. खेळणं सोडलं का? नाही सोडलं. हे असंच आहे.

८. दुपार ही खेळायची वेळ नव्हे. तिथे दुपारच्या फेऱ्या स्वस्त असतात, आणि त्या कुणासाठी स्वस्त असतात ते लालबुंद पाहुण्यांकडे बघून कळतं. मुरलेले लोक उजाडता सुरुवात करून दहा-अकराला परततात, नाहीतर दिव्यांच्या उजेडात रात्री खेळतात. आमच्या लेण्यात चैत्यगृहाच्या दारासमोर कातळाचा मोठा भाग तसाच ठेवलाय, आत जायला अरुंद वाट. उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोडे, आणि भर दुपारी आत गारवा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या लोकांना दुपारचं काय करायचं ते माहीत होतं.

९. गावात गोल्फ समजावून सांगता येत नाही, पण नियम सांगितले तर लोक मन लावून ऐकतात. भावाला व्हिडिओ दाखवला. त्याचे प्रश्न: एवढ्या रानाला कुंपण आहे का, गुरं शिरत नाहीत का, आणि राखणदाराला देतात किती. मग म्हणाला, वरच्या माळावर मारून दाखव. पाच नंबरचं आयर्न घेऊन आम्ही गेलो. गुरांनी चरलेला माळ फेअरवेला लाजवेल इतका नीट असतो, फक्त शेण फार. माझा चेंडू नेमका पोवटीला टेकून थांबला. मी सांगितलं की जनावराची विष्ठा नियमाने सुटा अडथळा धरतात. चेंडू न हलवता ती बाजूला केली तर दंड पडत नाही. हा नियम भावाला फार आवडला. पोवटी त्यानेच उचलली आणि वहिनीने सरपणासाठी ठेवलेल्या पाटीत नेऊन टाकली.