तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणातील प्रवाहघनता

प्रश्न : तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणात प्रवाहघनता कशी काढतात? संपूर्ण घटमालेचे क्षेत्रफळ धरावे का?

उत्तर : प्रवाहघनता म्हणजे ऋणाग्राच्या, म्हणजेच कॅथोडच्या, दर चौरस मीटर पृष्ठभागावर येणारा विद्युतप्रवाह. घट एकामागोमाग एक एकसरीत जोडलेले असल्याने प्रत्येकातून तोच पूर्ण प्रवाह जातो, तर एका घटातील पत्रे समांतर जोडलेले असल्याने तो त्यांच्यात वाटला जातो. म्हणून भागाकार एकाच घटातील क्षेत्रफळाने करावा, संपूर्ण मालेच्या नव्हे. तांबे पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर बसते, हेही विसरू नये.

उदाहरणार्थ, घटात १ मीटर × १ मीटर बुडालेले ४० कॅथोड असतील, तर क्षेत्रफळ ८० चौरस मीटर होते आणि २४,००० अँपिअर प्रवाहाला प्रवाहघनता ३०० अँपिअर प्रति चौरस मीटर येते. एक अँपिअर-तासाला सैद्धांतिकदृष्ट्या १.१८६ ग्रॅम तांबे बसते; म्हणून ९५ टक्के प्रवाह-कार्यक्षमता धरल्यास हा घट दिवसाला सुमारे ६४९ किलो तांबे देईल.

प्रवाहघनता वाढवली की उत्पादन वाढते. मात्र ती फार वाढल्यास कॅथोडवर गाठी उठून त्या धनाग्राला टेकतात व लघुपथन होते, शिवाय धनाग्राचा पृष्ठभाग निष्क्रिय होऊन त्याचे विरघळणे मंदावते. त्यामुळे बहुतेक कारखाने साधारण २०० ते ३५० या टप्प्यातच काम करतात. गणितात पत्र्याची पूर्ण लांबी न घेता द्रावणात बुडालेलाच भाग धरावा.