सही बेगेंची, चित्र छापील

फिनिक्सला आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून आता नवाहो चित्रकारांची कामं भिंतीवर दिसू लागली आहेत, आणि त्यातली बरीचशी लिलावात घेतलेली असतात. घरबसल्या बोली लावता येते, गॅलरीपेक्षा स्वस्तही पडतं. कोणी सल्ला विचारला की मी सांगते, नाव नंतर बघा. आधी ते चित्र हाताने रंगवलेलं आहे की छापलेलं, याचा छडा लावा. हॅरिसन बेगे यांच्या हरणांच्या एका चित्रापायी मी हे शिकले.

बेगे हे नवाहो चित्रकलेतलं मोठं नाव. सांता फेच्या इंडियन स्कूलमध्ये डोरोथी डन यांनी 1932 मध्ये ‘स्टुडिओ’ सुरू केला, तिथे ते शिकले. छायाप्रकाश नाही, मागे देखावा नाही, सपाट रंग आणि काटेकोर बाह्यरेषा, ही तिथली शैली. मेंढ्या राखणारी पोरं, मागावर बसलेली बाई, घोडेस्वार, उड्या घेणारी हरणं हे त्यांचे विषय. 2012 मध्ये ते गेले, तोवर त्यांनी भरपूर काम केलं होतं. 1950 च्या दशकात सांता फेच्या टेवा एंटरप्रायझेसमधून त्यांच्या चित्रांच्या सिल्कस्क्रीन प्रती निघाल्या. बेगे स्वतः त्या उपक्रमाच्या संस्थापकांपैकी होते. ज्याला मूळ चित्र परवडत नाही त्याच्याही घरी ते जावं, हा सरळ हेतू. लपवाछपवी त्यात काहीच नव्हती. घोळ पुढे होतो. चित्र दोन-तीन घरं फिरतं, फ्रेम बदलते, मागचं लेबल गळून पडतं, आणि छापलेली प्रत ‘मूळ चित्र’ म्हणून लिलावाच्या यादीत येऊन बसते.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. यादीत लिहिलं होतं, ‘कागदावर गुआश, सही केलेली’. गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग, आपल्या पोस्टर कलरच्या जातीचा. मी लेखी विचारलं की हे मूळ रंगवलेलं आहे ना, मागच्या बाजूचा फोटो मिळेल का. उत्तर आलं, हो, मूळच आहे. फ्रेम उघडलेली नाही, त्यामुळे मागचा फोटो देता येणार नाही. चित्र घरी आलं, रंग सुरेख होते, पण माउंटच्या कडेने कागद पिवळा पडलेला दिसला, म्हणून मी ते कागदी कलाकृतींची दुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी फ्रेम उघडली, भिंग लावलं आणि म्हणाल्या, ‘हे सिल्कस्क्रीन आहे.’

त्यांनी मला काय दाखवलं ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. छापील चित्र ओळखायला लोक भिंगातून ठिपके शोधतात. पोस्टर ऑफसेटवर छापलेलं असेल तर ठिपके दिसतातच. पण सिल्कस्क्रीनमध्ये ठिपके नसतात. लग्नपत्रिका स्क्रीनवर छापतात तसाच हा प्रकार, जाळीतून एकेक रंग कागदावर दाबून उतरवायचा. रंगाचा जाड, सपाट थर बसतो. आता बेगेंची शैलीच मुळात सपाट रंगांची, त्यामुळे गुआश आणि ही छपाई साध्या नजरेला सारखीच भासतात. फरक कळतो तो कडांवर. हरणाच्या पाठीचा तपकिरी रंग पोटाच्या पांढऱ्यावर केसभर चढला होता, आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच फट राहिली होती. शिंगांच्या रेषांची कड भिंगाखाली बारीक दातेरी दिसत होती, ती जाळीची खूण. कुंचल्याची रेघ सुरुवातीला भरीव असते आणि सुटताना निमुळती होते. इथे सगळ्या रेघांवर रंग एकाच जाडीचा. पेन्सिलचा कच्चा आराखडा कुठेही नव्हता. आणि सही? ती गवताच्याच रंगात, त्याच थरात छापलेली. बेगेंचीच सही, पण जाळीतून उतरलेली.

मी लिलावगृहाला कळवलं. त्यांनी विक्रीच्या अटींवर बोट ठेवलं, की यादीतलं वर्णन हे त्यांचं मत आहे, हमी नव्हे. माझ्याकडे त्यांचंच लेखी उत्तर होतं आणि दुरुस्तीवाल्या बाईंचा अहवाल होता, म्हणून बऱ्याच पत्रापत्रीनंतर किमतीचा काही भाग परत मिळाला. प्रश्न फोनवर विचारला असता तर तेवढंही हाती लागलं नसतं. म्हणून विचारायचं ते लेखीच विचारा, आणि बोली लावण्याआधी अटी शेवटपर्यंत वाचा. तक्रारीची मुदत किती, हमी कोणत्या शब्दाला आहे आणि कोणत्या नाही, हे तिथेच दिलेलं असतं. ‘फ्रेम उघडलेली नाही’ असं उत्तर आलं तर छापील प्रतीला जेवढे द्याल तेवढ्यावरच थांबा.

पैशाचा हिशोबही आधीच मांडा. हातोडा 1000 डॉलरवर पडला आणि खरेदीदाराचं कमिशन 25 टक्के असलं, तर 1250 झालेच. वर कर, पॅकिंग, पाठवणी. पुढे कधी मनासारखी तडजोड झाली, तरी हा वरचा खर्च बहुधा परत येत नाही. माझाही आला नाही.

आर. सी. गोरमन यांच्या कामात जरा वेगळी गुंतागुंत आहे. शाल पांघरून बसलेल्या भरदार नवाहो बायका काढणारे गोरमन 1968 मध्ये ताओसला स्वतःची गॅलरी उघडून बसले आणि त्यांनी शिळाछापं खूप काढली. ती मर्यादित प्रतींची, पेन्सिलने सही आणि क्रमांक असलेली. पण त्यांच्या प्रदर्शनांची पोस्टरंही बाजारात आहेत, आणि काहींवर पेनाने खरी सही आहे. सही खरी असली म्हणून पोस्टर शिळाछाप ठरत नाही. इथे मात्र भिंगातले ठिपके उपयोगी पडतात. कागदावर छापखान्याचा उठावाचा शिक्का आहे का, तेही बघा.

काहीजण म्हणतात, कायदा आहे ना. अमेरिकेत 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट आहे आणि तो कडक आहे. आदिवासी कलाकाराने न केलेली वस्तू त्याची म्हणून विकली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो कायदा कलाकार कोण, हे बघतो. बेगेंची छापील प्रत बेगेंचीच असते. चित्र रंगवलेलं की छापलेलं, हे आपल्यालाच तपासावं लागतं.

फिनिक्सच्या आसपास राहत असाल तर हर्ड म्युझियमच्या ग्रंथालयात जा. आदिवासी कलाकारांच्या फायली तिथे जपलेल्या आहेत. आवडलेल्या चित्राचा फोटो घेऊन बसा आणि तेच चित्र आधी कुठे छापलं गेलंय का ते पाहा. हुबेहूब तीच हरणं, त्याच जागी, तोच वळसा घेतलेली दुसरीकडे सापडली, तर तुमच्यासमोर प्रत आहे असं धरून चाला.

ते चित्र मी ठेवून घेतलं. आम्लमुक्त माउंट करून घेतला आणि आधारपुठ्ठ्यावर मागे स्पष्ट लिहिलं: सिल्कस्क्रीन, हॅरिसन बेगे यांच्या चित्रावरून. तुमच्याकडे असं काही असेल तर तुम्हीही लिहा, म्हणजे उद्या मुलांनी विकायला काढलं तर पुन्हा कोणाच्या यादीत ते गुआश होणार नाही. लिहिताना पेन्सिल वापरा, पेन नको. आणि जुनं लेबल सुटत आलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून मागच्या पुठ्ठ्याला जोडून ठेवा.