जुनी वॅगन-आर भामरागडात टिकेल का?

प्रश्न : चंद्रपूरची २०१४ची पेट्रोल वॅगन-आर घ्यायची आहे. ८५ हजार किलोमीटर चाललेली आहे. दुरुस्तीला किती खर्च येईल?
– एक वाचक, भामरागड

उत्तर : इंजिनाची फार धास्ती घेऊ नका. यात टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. ऑइल वेळेवर बदललं असेल तर ती सहसा त्रास देत नाही. खरी परीक्षा खालच्या बाजूची. आलापल्लीपासूनच्या खड्ड्यांत लोअर आर्मचे बुश आणि पुढचे शॉक-अब्सॉर्बर आधी जातात. खडखड ऐकू आली तर बाहेरच्या गॅरेजात साधारण पाच ते आठ हजार धरा. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर क्लच गेला, तेवढेच आणखी.

पण हे सगळं दुरुस्त होतं. पुरात बुडालेली गाडी होत नाही. पर्लकोटेचा पूर तुम्ही जाणताच. चंद्रपुरातही इरईचं पाणी वस्त्यांत शिरतं. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला गाळाची रेघ, सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली कुबट वास, यातलं काहीही आढळलं तर किंमत निम्मी केली तरी परत फिरा. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि हेमलकशाच्या पुढे जंगलात बंद पडलेली गाडी ओढून आणायचा खर्च वेगळाच.

आणखी एक : नोंदणीची पंधरा वर्षं २०२९मध्ये संपतात. तेव्हा नूतनीकरणाचा खर्च येणारच, तो आताच भावातून कापून घ्या.