जुन्या नौकेस नवे यंत्र

कुंभकोणम हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले आहे. त्यांपैकी अरसलार पूर्वेकडे वाहत जाऊन कारैक्काल येथे समुद्रास मिळते. भातशेतीचा मुलूख जेथे संपतो तेथे मच्छीमारांचा मुलूख सुरू होतो. कारैक्काल व त्याच्या दक्षिणेचे नागपट्टिनम येथील यांत्रिक नौका दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस नांगरून ठेवलेल्या असतात. माशांच्या विणीसाठी पूर्व किनाऱ्यावर या काळात त्यांना मासेमारीची बंदी असते. डागडुजी, रंगकाम आणि झिजलेले यंत्र बदलणे ही कामे याच दिवसांत उरकली जातात. दोन महिन्यांत घेतलेला हा निर्णय नौकेच्या मालकास पुढे अनेक वर्षे निभवावा लागतो.

नवे यंत्र किती अश्वशक्तीचे घ्यावे, हा प्रश्न सहसा प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो शेवटी विचारावयाचा प्रश्न होय. आधी नौकेचा विचार केला पाहिजे.

पाणी कापीत जाणाऱ्या जड नौकेच्या वेगास तिच्या लांबीनेच मर्यादा घातलेली असते. नौका चालू लागली की पुढे लाट उठते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या लांबीइतकी झाली म्हणजे नौकेला जणू स्वतःच उठविलेला चढ चढावा लागतो. ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. पाण्याच्या रेषेवरील लांबीचे, फुटांमध्ये, वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणावे. ३६ फूट लांबीच्या नौकेची मर्यादा अशा रीतीने सुमारे ८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर येते. त्यापलीकडे यंत्राची शक्ती दुप्पट केली तरी वेगात नाममात्र भर पडते. वाढतो तो मुख्यतः डिझेलचा खर्च.

हा खर्च आकड्यांत मांडून पाहू. स्थूलमानाने, वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती लागते. एखाद्या नौकेस ७ नॉटला ३० अश्वशक्ती लागत असेल, तर ८ नॉटला निदान ४५ लागेल. डिझेल यंत्र दर अश्वशक्तीस ताशी सुमारे ०.२ लिटर तेल जाळते. जाऊन-येऊन ६० सागरी मैलांचा प्रवास ७ नॉटने केला तर साडेआठ तासांत ५१ लिटर तेल लागेल; ८ नॉटने केला तर साडेसात तासांत ६७ लिटर. एक तास वाचविण्यासाठी सोळा लिटर तेल खर्ची पडले. ताज्या मासळीला त्या तासात अधिक भाव मिळणार असेल तर हा व्यवहार शहाणपणाचा. एरवी तो तोट्याचाच. यंत्राची किंमत एकदा द्यावी लागते, तेलाची दर फेरीस.

यानंतर कामाचा विचार करावा. ट्रॉल जाळे ओढणाऱ्या नौकेस तीन नॉटांच्या आसपास तासन्‌तास जोराने खेचावे लागते. तिला वेगापेक्षा ओढ हवी. तरते जाळे टाकणाऱ्या नौकेस मुख्यतः जाऊन परत यावयाचे असते. कोकणातील डोल जाळे तर खुंटांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाने भरते. तेथे ओढण्याचा प्रश्नच नाही. सारख्याच लांबीच्या या तीन नौकांना सारखेच यंत्र योग्य ठरेल असे मानणे चूक होय.

शक्ती पाण्यापर्यंत पोहोचविणारा अवयव म्हणजे पंखा. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा लहान व वेगवान पंख्यापेक्षा अधिक कार्यक्षम असतो. म्हणून नौकेच्या मागील भागात पंख्यास किती जागा आहे हे प्रथम मोजावे, आणि यंत्राचे फेरे त्यास जुळतील इतके कमी करणारी गिअरपेटी निवडावी. जुना पंखा नव्या यंत्रावर तसाच ठेवला तर तो जड पडून यंत्र काळा धूर ओकते, किंवा हलका पडून शक्ती वाया जाते. कित्येकदा जुने यंत्र बाद झाले असे वाटते, आणि खरा दोष वाकलेल्या पंख्यात किंवा तळाला चिकटलेल्या शिंपल्यांत असतो. त्याची तपासणी खरेदीपूर्वीच करावी.

या किनाऱ्यावर अशोक लेलँडसारख्या, मोटारलॉऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपन्यांची यंत्रे समुद्रासाठी सिद्ध करून वापरली जातात. त्यांचे सुटे भाग गावोगाव मिळतात, हा मोठाच लाभ आहे. परंतु लॉरीचे यंत्र चढ संपताच विसावते. नौकेचे यंत्र भार घेऊन सतत चालते. म्हणून सतत चालण्याची शक्ती किती, हे विचारावे. क्षणभर मिळणाऱ्या सर्वाधिक शक्तीच्या आकड्यास भुलू नये. खारे पाणी यंत्राच्या अंगात खेळविण्यापेक्षा, आत गोडे पाणी ठेवून ते बाहेरच्या खाऱ्या पाण्याने थंड करण्याची योजना यंत्राचे आयुष्य वाढविते.

कायदाही ध्यानात घेतला पाहिजे. तामिळनाडूच्या १९८३ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली २०२० साली केलेल्या नियमांनी यांत्रिक नौकेच्या यंत्रास २४० अश्वशक्तीची मर्यादा घातली. मोठे यंत्र तळाशी अधिक जड जाळे ओढू शकते. शेजारच्या लहान नौकांचा घास त्यातच जातो.

यंत्र बसविताना त्याचे वजन व बैठक जुन्याशी ताडून पाहावी, आणि दांडा सरळ आहे की नाही याची अखेरची तपासणी नौका पाण्यात उतरल्यावरच करावी. लाकडी नौका पाण्यात किंचित आकार बदलते, आणि जमिनीवर सरळ असलेला दांडा पाण्यात तिरपा होतो.

नागपट्टिनमच्या दक्षिणेस कोडिक्करैजवळ श्रीलंकेशी असलेली सागरी सीमा दूर नाही; ती १९७४ व १९७६ च्या करारांनी ठरली. तेथे बंद पडलेली नौका वाऱ्याने व प्रवाहाने सीमेपार वाहत जाऊ शकते, आणि मग तांडेलासह साऱ्या खलाशांवर अटकेची पाळी येते. अशा पाण्यात दहा अश्वशक्ती कमी असलेले, पण घरी परत आणणारे यंत्रच श्रेष्ठ. नौका, काम, पंखा, तेल आणि दुरुस्तीची सोय, या क्रमाने विचार केला म्हणजे अश्वशक्तीचा आकडा आपोआप हाती येतो.